नव्वद टक्के कशाचे?

पत्राचा सारांश : न्यू जर्सीतल्या एका आईचं पत्र. मुलगी पुण्यात जन्मली, तीन वर्षांची असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आली, आता बारावीत आहे. डॉक्टर व्हायचं नववीपासून ठरलेलं. पदवी आणि मेडिकल अशा दोन्हींचा प्रवेश एकदमच देणाऱ्या बीएस-एमडी कार्यक्रमांना सात अर्ज केले, सातही ठिकाणी नकार आला. हातात तीन कॉलेजं आहेत. राज्याचं सरकारी विद्यापीठ : ऑनर्स कॉलेज, शिष्यवृत्ती वजा जाता वर्षाला २२ हजार डॉलर. दुसऱ्या राज्यातलं नामांकित खासगी विद्यापीठ : मदत काहीच नाही, ९१ हजार. पेनसिल्व्हेनियातलं एक लहान कॉलेज : ४८ हजार, आणि माहितीपत्रकात ठळक अक्षरांत ‘आमचे ९० टक्के प्री-मेड विद्यार्थी मेडिकलला जातात’. शिक्षणासाठीच्या ५२९ खात्यात १ लाख ६० हजार साठले आहेत. वडील म्हणतात, नाव बघा, पैशांचं मी बघतो. आईचा कल ९० टक्क्यांकडे. मुलीला भाषाशास्त्र आवडतं, ‘पण बायोलॉजीच घ्यावं लागेल ना?’ एपीची (शाळेतच शिकायच्या कॉलेज-पातळीच्या कोर्सची) क्रेडिटं बरीच आहेत, तीन वर्षांत पदवी उरकेल का? शाळेत असताना काउंटी कॉलेजचे दोन कोर्स केले, एकात बी मिळाला, तो सोडून देता येईल का? आणि पुण्याची आजी विचारते, हिला इकडेच एमबीबीएसला का नाही पाठवत? उत्तर १ मेपर्यंत द्यायचंय.

ताई,

तुमचा कल ज्या आकड्याकडे आहे तिथूनच सुरुवात करू. ९० टक्के, पण कशाचे?

हा आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो, पण त्याचा छेद कॉलेज स्वतः ठरवतं. इथे मेडिकलला पदवीनंतर जातात, आणि पदवी करताना त्याची तयारी करणारे ते प्री-मेड. पहिल्या वर्षी ‘मी प्री-मेड’ म्हणणारे समजा १०० जण आहेत. पहिल्या केमिस्ट्रीनंतर ३० जण वाट बदलतात, ऑरगॅनिक केमिस्ट्रीनंतर आणखी ३०. उरलेल्या ४० जणांना कॉलेजची आरोग्य-सल्ला समिती तिसऱ्या वर्षी मुलाखतीला बोलावते. मेडिकलच्या अर्जाला जोडायचं शिफारसपत्र, ज्याला कमिटी लेटर म्हणतात, ते हीच समिती लिहिते. काही कॉलेजांत समिती जीपीए (ग्रेडांची सरासरी) आणि तयारी बघून थेट सांगते, की तुला यंदा पत्र देत नाही. समजा २० जणांना दिलं आणि १८ जण लागले. झाले ९० टक्के. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, पण गणित असंच चालतं. आणि कॉलेज कमिटी लेटर देत असताना ते न जोडता अर्ज केला, तर मेडिकल स्कूल विचारतं, का नाही जोडलं?

तुलनेसाठी देशाचा आकडा लक्षात ठेवा. एमडीसाठी (इथे डॉक्टरकीची पहिलीच पदवी एमडी असते) दरवर्षी ५० हजारांच्या वर अर्जदार असतात आणि जागा मिळते २३ हजारांच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून कमी जणांना. हे सगळे पदवीची वाट तुडवून आलेले असतात. ज्या कॉलेजचा आकडा यापेक्षा फारच वर दिसतो, तिथे मुलं कुठे गळली हे विचारायचं.

तेव्हा तिन्ही कॉलेजांच्या प्री-हेल्थ ऑफिसला एकच मेल पाठवा. मेल मुलीने लिहावी, तुम्ही नाही. पहिल्या वर्षी किती जण प्री-मेड म्हणून नोंदतात, त्यांतले किती जण प्रत्यक्ष अर्ज करतात, कमिटी लेटर नाकारता का आणि कोणत्या निकषावर, तुमच्या आकड्यात डीओ (एमडीला समांतर अशी डॉक्टरकीची दुसरी पदवी) आणि कॅरिबियन बेटांवरची मेडिकल कॉलेजं धरली आहेत का, पदवीनंतर दोन वर्षांनी अर्ज करणाऱ्या माजी विद्यार्थ्यालाही सल्ला मिळतो का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात. आज मेडिकलला लागणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं मध्ये एक किंवा जास्त वर्षं थांबून आलेली असतात. थांबलं की मागे पडलो, हा आपल्या घरांतला धसका इथे लागू नाही. उलट थांबणाऱ्याच्या अर्जात चौथ्या वर्षाचेही ग्रेड दिसतात. न थांबणाऱ्याला तिसरं वर्ष संपता संपता, मे-जूनमध्येच अर्ज भरावा लागतो.

आता पत्रात नसलेली एक गोष्ट, आणि ती बाकी सगळ्याच्या आधी तपासावी लागेल. मुलगी पुण्यात जन्मली असं तुम्ही सहज लिहून गेलात. ग्रीन कार्ड झालंय का? झालं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. नसेल, आणि ती एच-फोरवर (एच-वनवाल्या पालकांच्या मुलांच्या व्हिसावर) असेल, तर २१ पूर्ण झाल्यावर त्या व्हिसावर राहता येत नाही. ती पदवीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात असतानाच एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जाऊन कागदोपत्री परदेशी विद्यार्थी होऊ शकते. बरीचशी सरकारी मेडिकल स्कूल्स परदेशी विद्यार्थ्यांचा अर्जच विचारात घेत नाहीत. घेणारी थोडी आहेत, बहुतेक खासगी, आणि त्यांतली काही एक ते चार वर्षांची फी आधी खात्यात ठेवायला सांगतात. केंद्र सरकारचं कर्ज परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. अशा घरात कॉलेज निवडण्याआधी इमिग्रेशन वकिलाकडे मुलीच्या वयाचा आणि तुमच्या प्रायॉरिटी डेटचा (ग्रीन कार्डच्या रांगेतल्या तारखेचा) हिशेब करून घ्यायचा. एका तासाची फी जाईल, पण चार वर्षांनी मेडिकलच्या अर्जात नागरिकत्वाचा रकाना भरताना पहिल्यांदा कळण्यापेक्षा ते परवडलं.

वडिलांचा मुद्दा नावाचा. नावाला काहीच किंमत नाही असं मी म्हणणार नाही. मोठ्या विद्यापीठात संशोधनाच्या प्रयोगशाळा भरपूर असतात, काही ठिकाणी आवारातच रुग्णालय असतं, आणि काही मेडिकल स्कूल्स कॉलेजच्या दर्जाकडे थोडंफार बघतात. पण तिथली जास्त मुलं मेडिकलला जातात याचं मोठं कारण म्हणजे तिथे प्रवेशालाच तशी मुलं येतात. तुमची मुलगी दोन्हीकडे तीच असणार आहे. आणि फरक किती आहे ते मांडून बघा. ९१ हजारांप्रमाणे चार वर्षांचे ३ लाख ६४ हजार, २२ हजारांप्रमाणे ८८ हजार. फरक २ लाख ७६ हजार. सरकारी मेडिकल स्कूलमध्ये राज्यातल्या विद्यार्थ्याला राहण्या-खाण्यासकट चार वर्षांना साधारण एवढाच, पावणेतीन-तीन लाखांच्या घरातला खर्च येतो. एका नावाच्या बदल्यात अख्खं मेडिकल स्कूल.

‘पैशांचं मी बघतो’ हे वाक्यही जरा तपासायला हवं, कारण नियम बदललेत. १ जुलै २०२६पासून नव्याने पॅरेंट प्लस (पालकांना केंद्र सरकारकडून मिळणारं) कर्ज घेणाऱ्या पालकांना एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांचीच मर्यादा आहे. त्याच तारखेपासून नव्या विद्यार्थ्यांसाठी पदवीपुढच्या शिक्षणाचं ग्रॅड प्लस कर्ज बंद. मेडिकलसाठी केंद्राकडून वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख, त्यापुढे नाही. खासगी विद्यापीठ निवडलं तर ५२९ संपून वर २ लाख ४ हजार कमी पडतात, ६५ हजारांचं पॅरेंट प्लस धरलं तरी १ लाख ३९ हजार खासगी कर्जातून किंवा घर गहाण टाकून उभे करायचे, आणि मेडिकलचा खर्च अजून सुरूही झालेला नाही. सरकारी विद्यापीठ निवडलं तर ५२९मध्ये ७२ हजार उरतात. ते मेडिकल स्कूललाही वापरता येतात. त्यात केंद्राचे २ लाख मिळवले की राज्यातल्या सरकारी मेडिकलचा खर्च जवळजवळ भागतो. लहान कॉलेजला ३२ हजार कमी पडतात, ते पेलण्यासारखं आहे.

एक गैरसमज इथेच दूर करते. दुसऱ्या राज्यात शिकायला गेली म्हणून ती न्यू जर्सीची रहिवासी राहत नाही असं नाही. पालकांवर अवलंबून असलेल्या मुलाचं राज्य साधारणपणे पालकांच्या घरावरून ठरतं. सरकारी मेडिकल स्कूल्स आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात (टेक्सासात तर बाहेरच्यांना जास्तीत जास्त १० टक्के जागा), त्यामुळे घर न्यू जर्सीत असणं ही तिची जमेची बाजू कुठेही गेली तरी टिकेल.

आता ग्रेड. मेडिकलला लागणाऱ्यांचा सरासरी जीपीए ४ पैकी ३.८च्या आसपास आणि एमकॅटचा (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा) गुणांक ५२८ पैकी ५१२च्या आसपास असतो. एमकॅट कुठल्याही कॉलेजातून एकच असते, पण जीपीए जिथे शिकाल तिथल्या पद्धतीने पडतो, आणि पहिल्या वर्षाची घसरण किती महाग पडते हे हिशेब केल्याशिवाय ध्यानात येत नाही. पहिल्या वर्षाच्या ३० क्रेडिटांत ३.० पडला, तर १२० क्रेडिटांना ३.७ गाठण्यासाठी उरलेल्या ९० क्रेडिटांत ३.९३ लागतो. पहिल्या वर्षी ३.३ असेल तर उरलेल्यांत ३.८३ पुरतो.

शिवाय ॲमकॅस, म्हणजे मेडिकलची सामाईक अर्जव्यवस्था, बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा वेगळा जीपीए काढते. त्याला बीसीपीएम म्हणतात. बाकीच्या ३६ क्रेडिटांत ३.८ आणि चार क्रेडिटांच्या ऑरगॅनिकमध्ये सी, की बीसीपीएम ३.६२वर येतो. तो कोर्स पुन्हा करून ए मिळवला तरी ३.६५च, कारण ॲमकॅस दोन्ही ग्रेड मोजते. तुमच्या कॉलेजने जुना पुसला असला तरी. म्हणून बुडायला लागल्यावर मुदतीच्या आत कोर्स सोडणं पुष्कळदा शहाणपणाचं. त्याचा डब्ल्यू (‘कोर्स सोडला’ अशी खूण) ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, दिसतो, पण जीपीएत धरला जात नाही. एखाददुसऱ्या डब्ल्यूने कुणाचं काही बिघडत नाही.

ऑरगॅनिकमध्ये नेमकं काय होतं तेही सांगते, कारण शाळेत केमिस्ट्रीत पहिली येणारी मुलंच तिथे आपटतात. पहिल्या परीक्षेला संयुगांची नावं, रेणूंचे आकार वगैरे असतं, ते पाठ करून निभतं. दुसऱ्या परीक्षेला एसएन-वन, एसएन-टू, ई-वन, ई-टू अशा चार प्रकारच्या अभिक्रिया एकदम समोर येतात. रेणू तोच, पण द्रावक बदलला, तापमान वाढवलं, आम्लारी जाडजूड घेतला, की उत्तर बदलतं. अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाणाने दाखवायचं असतं. पाठांतर करणारी मुलगी त्या बाणाची सुरुवात हायड्रोजनपासून करते. बाण इलेक्ट्रॉनांपासून निघायला हवा. ही चूक तिच्या वहीत कुणीतरी बघून बोट ठेवेपर्यंत तिला स्वतःला दिसत नाही. तिनशे-चारशे मुलांच्या वर्गात ते बोट ठेवणारं माणूस तिने स्वतः शोधावं लागतं : प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स, वरच्या वर्गातल्या मुलांनी चालवलेले गट, ट्यूटरिंग सेंटर. लहान कॉलेजात वीस-पंचवीस जणांच्या प्रयोगशाळेत प्राध्यापक स्वतःच टेबलापाशी येऊन उभे राहतात. हा फरक खरा आहे, आणि ४८ हजारांचं समर्थन करायचं तर मी ९० टक्क्यांनी नाही, याने करेन. पुढे शिफारसपत्रं लागतात तेव्हाही तिथे तिला ओळखणारं माणूस असतं.

आणखी एक, हे तुम्हा दोघांसाठी. वर्गाच्या सरासरीवर ग्रेड ठरत असेल तर १०० पैकी ५८ गुण म्हणजे बी प्लसही असू शकतो. आपण टक्क्यांत वाढलेली माणसं, ५८ ऐकून फोनवर आपला आवाज बदलतो. आधी विचारा, सरासरी किती होती?

कुठल्या कॉलेजात ग्रेड सैल सुटतात आणि कुठे आवळून ठेवतात, हे नावावरून कळत नाही. काही नामांकित खासगी विद्यापीठांत ए मिळवणं मोठ्या सरकारी वर्गापेक्षा सोपं असतं. तेव्हा केमिस्ट्री आणि ऑरगॅनिकचे ग्रेड कसे ठरतात, हेही मेलमध्ये घाला.

भाषाशास्त्र घेऊ दे तिला. प्री-मेड ही पदवी नाही, कोर्सची यादी आहे : बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री आणि फिजिक्स प्रत्येकी वर्षभर, प्रयोगांसकट, ऑरगॅनिक एक ते दोन सत्रं, बायोकेमिस्ट्री एक सत्र, इंग्रजी लेखन, शिवाय संख्याशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र केलेलं बरं. मेडिकल स्कूलगणिक थोडा फरक असतो. ही यादी पुरी करून पदवी कशातही घ्या, मानव्यशाखेची मुलं बायोलॉजीवाल्यांपेक्षा कमी प्रमाणात लागतात असं आकडे सांगत नाहीत. एमकॅटच्या चार भागांपैकी एक तर निव्वळ वाचनाचा आहे : ९० मिनिटांत ५३ प्रश्न, विज्ञानाचा एक शब्द नाही. तिथे कोचिंगचा फारसा उपयोग होत नाही, वर्षानुवर्षांचं वाचन कामी येतं. हां, पण भाषाशास्त्राचे वर्ग आणि दोन प्रयोगशाळा एका वेळापत्रकात बसतात का, हे तिने आधी कागदावर मांडून पाहावं. दुपारी एक ते चार लॅब असली की बरंच काही कटतं.

तीन वर्षांत पदवी उरकायचा विचार मात्र सोडून द्या. एपीचं श्रेय काही मेडिकल स्कूल्स आवश्यक कोर्ससाठी मानत नाहीत. ती म्हणतात, त्याच विषयाचा वरच्या पातळीचा कोर्स करून दाखवा. आणि एपी केमिस्ट्रीत ५ पैकी ५ आहेत म्हणून पहिल्याच सत्रात ऑरगॅनिकमध्ये उडी मारणं हा ठरलेला अपघात आहे. जनरल केमिस्ट्री पुन्हा शिकायची ठरवली तर एपीचं श्रेय घ्यायचं नाही, एकाच विषयाचं दोनदा मिळत नाही. पहिल्या सत्राला मी एवढंच सुचवेन : केमिस्ट्री आणि तिची लॅब, संख्याशास्त्र किंवा कॅलक्युलस, लेखनाचा कोर्स आणि तिचं भाषाशास्त्र. १४ क्रेडिटं होतात. बायोलॉजी नंतर. दोन लॅब पहिल्याच सत्रात नकोत.

काउंटी कॉलेजचा बी सोडता येणार नाही. शाळेत असताना केलेला असला तरी तो कॉलेजचा कोर्स, आणि ॲमकॅस प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट मागते. दडवला आणि सापडला तर तो बी राहत नाही, लबाडी ठरते. एका बीने काही होत नाही, त्याची नोंद मात्र आजपासून ठेवा. ज्यांची मुलं अजून दहावी-अकरावीत आहेत त्यांनी हे वाचून ड्युअल एनरोलमेंट (शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स) जरा बेताने घ्यावं.

बीएस-एमडीच्या सात नकारांबद्दल एवढंच : त्या कार्यक्रमांत मूठभर जागा असतात आणि बऱ्याच ठिकाणी पुढे जीपीए-एमकॅटच्या अटी असतातच. त्यातून बाहेर राहिलेल्या मुलीचा रस्ता बंद झालेला नाही, तो बाकी हजारो जणांचा नेहमीचा रस्ता आहे. आजींना सांगा, तिकडे जायला ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागेल, साडेपाच वर्षं जातील, आणि परत इथे डॉक्टरकी करायची तर यूएसएमएलई (इथल्या परवान्याची परीक्षा) आणि रेसिडेन्सीच्या (रुग्णालयातल्या पुढच्या प्रशिक्षणाच्या) रांगेत परदेशी पदवीधर म्हणून उभं राहावं लागेल. इथल्या पदवीधरांपेक्षा तिथे जागा मिळण्याचं प्रमाण बरंच कमी आहे. कायमचं भारतात राहायचं असेल तर आजींचं बरोबर आहे.

एक प्रश्न मला मुलीला विचारावासा वाटतो. डॉक्टर व्हायचं नववीपासून ठरलंय, पण आजारी माणसाजवळ ती किती तास बसली आहे? मेडिकल स्कूल हे बघतंच. स्वयंसेवक ॲम्ब्युलन्स पथक, नर्सिंग होम, डॉक्टरांसाठी नोंदी लिहिणारी स्क्राइबची नोकरी, हॉस्पिस (अखेरच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा), काहीही चालतं, पण सातत्य हवं. दर शनिवारी तीन तास दोन वर्षं केलेलं काम एका उन्हाळ्यात कोंबलेल्या दोनशे तासांपेक्षा वजनदार दिसतं. म्हणून कॉलेजपासून रुग्णालय किती लांब आणि तिथे गाडीशिवाय जाता येतं का, हे नकाशावर बघा. गावातल्या लहान कॉलेजची कमजोर बाजू बहुतेक इथे निघेल. आणि हा अनुभव आल्यावर तिचं मन बदललं, तर २२ हजारांच्या कॉलेजात ते बदलणं परवडतं. ९१ हजारांच्या कॉलेजात मुली मन बदललेलं घरी सांगत नाहीत.

माझा कल कळलाच असेल : सरकारी विद्यापीठ पहिलं, लहान कॉलेज दुसरं, नामांकित तिसरं. शिष्यवृत्ती टिकवायला किती जीपीए लागतो आणि एका सत्रात खाली आला तर सुधारायला वेळ मिळतो का, हे लेखी घ्या. अट ३.५ची आणि वेळ शून्य असेल तर लहान कॉलेजचा आकडा पुन्हा मांडावा लागेल.

एप्रिलमध्ये प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी भेटीचे दिवस असतात. मुलीला सरकारी आणि लहान, दोन्हीकडे पाठवा. माहितीपत्रकवाल्या सहलीत नको. आधी मेल करून परवानगी घ्यावी आणि ऑरगॅनिकच्या वर्गात मागच्या बाकावर बसावं. सुटल्यावर दोन-तीन मुलांना विचारावं, मागच्या परीक्षेची सरासरी किती होती आणि अडलं की तुम्ही कुणाकडे जाता? दुसऱ्या प्रश्नाला मुलं लगेच एखादं नाव सांगतात, की एकमेकांकडे बघतात, एवढं तिने बघून यावं.